ड्रायर कपडे वाळवत नाही? आधी हवेची वाट तपासा

जून उजाडला की वर्षभर ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात उभा असलेला ड्रायर मुंबईच्या घरात अचानक फार महत्त्वाचा होतो. शाळेचे गणवेश, ऑफिसचे शर्ट, जाड टॉवेल सगळं एकदम ओलं, आणि दोरीवर दोन दिवस लटकून कुबट वासाचं. नेमकं तेव्हाच कळतं की ड्रायर फिरतोय, पण दीड तासानंतरही कपडे ओलेच आहेत. किंवा तो मध्येच बंद पडतोय, किंवा सुरूच होत नाहीये. यातले बरेच बिघाड घरी शोधता येतात आणि काही घरीच दुरुस्तही होतात. मात्र शोधण्याचा क्रम बरोबर हवा.

हा लेख गरम हवेने कपडे पूर्ण वाळवणाऱ्या ड्रायरबद्दल आहे. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टबलाही आपल्याकडे ड्रायरच म्हणतात, पण तो फक्त पिळतो. तो फिरत नसेल तर झाकणाचा स्विच, ब्रेकची तार, टायमर आणि कॅपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबीसारखा पार्ट) या चार जागा पाहा. पैकी कॅपॅसिटर तपासायची रीत पुढे आहे, ती दोन्हीकडे चालते.

गरम हवेच्या ड्रायरचं काम सोपं आहे. पंखा खोलीतली हवा ओढतो, हीटर ती तापवतो, ती हवा फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून जाताना पाणी उचलते आणि फिल्टरमधून बाहेर पडते. व्हेंटेड प्रकारात ही दमट हवा पाइपमधून बाहेर फेकली जाते. कंडेन्सर आणि हीट पंप (साध्या हीटरऐवजी फ्रिजसारख्या गॅसच्या चक्राने हवा तापवणारा) प्रकारात तिच्यातलं पाणी मशीनमध्येच थंड करून टाकीत साठवतात. कुठल्याही प्रकारात हवा अडली की सगळं बिघडतं: कपडे वाळत नाहीत, हीटरभोवती उष्णता कोंडते, सुरक्षेसाठी बसवलेला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा स्विच) किंवा थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा) उडतो, आणि आपण म्हणतो ‘हीटर गेला’. म्हणून पार्ट शेवटी, हवा आधी.

मशीन खरंच बिघडलंय का?

यासाठी सामान तोलायचा हातातला वजनकाटा पुरे. पिळून काढलेले कपडे पिशवीत घालून तोला, एक तास ड्रायर चालवा, पुन्हा तोला. जे वजन कमी झालं तेवढं पाणी गेलं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट ऊर्जा लागतेच, त्याखाली कुठलाही हीटर जाऊ शकत नाही. म्हणजे २००० वॅटचा हीटर कागदावर तासाला तीन किलो पाणी उडवेल. प्रत्यक्षात धडधाकट मशीन दीड ते दोन किलो उडवतं. तुमचा आकडा या पट्ट्यात असेल तर ड्रायर ठीक आहे आणि तक्रार पिळण्याची आहे. वॉशिंग मशीन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळत असेल तर ती १२०० वर आणून पाहा, वाळायचा वेळ बराच खाली येतो. आकडा अर्ध्या किलोवर अडकला असेल तर पुढे वाचा.

व्हेंटेड ड्रायर असलेल्या मुंबईकरांनी एक गोष्ट इथेच तपासावी. ‘पावसात हवाच दमट, मग ड्रायर काय करणार’ असं सर्रास म्हटलं जातं, पण ते खरं नाही. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण १६ टक्क्यांवर येते. पाणी उचलायला ती उत्तम असते. अडचण होते ती आपण पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाल्कनीची स्लायडिंग खिडकी गच्च लावतो आणि पाइप तिथेच जमिनीवर सोडतो तेव्हा. मशीनने टाकलेली वाफ पंधरा मिनिटांनी मशीनच परत ओढू लागतं. काचेवर पाणी ओघळतंय, भिंतीवर काळे डाग पडताहेत, तर हेच चाललं आहे. पाइपचं तोंड खिडकीबाहेर काढा आणि दुसरीकडून खोलीची हवा आत येईल एवढी फट ठेवा. कित्येक ‘बिघडलेले’ ड्रायर एवढ्याने सुधारतात.

हवेची वाट, टोकापासून टोकापर्यंत

फिल्टर प्रत्येक फेरीनंतर झाडायचा हे बहुतेकांना माहीत असतं. लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटलेली धाग्यांची लव, हाताने निघते. पण फॅब्रिक सॉफ्टनरचा पातळ थर जाळीवर बसतो तो दिसत नाही. फिल्टर नळाखाली धरा. पाणी जाळीतून सरळ खाली गेलं तर ठीक. वर साचून राहिलं तर हवाही तशीच अडत असणार. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवून मगच बसवा.

मग फिल्टरच्या खाचेत टॉर्च मारा. आत लिंटचा गठ्ठा असतोच. व्हॅक्यूम क्लीनरच्या चपट्या नळीने ओढून घ्या. काठीला फडकं गुंडाळून आत ढकलू नका, गठ्ठा पंख्याकडे सरकतो.

व्हेंटेड मशीनचा पाइप काढून उजेडाकडे धरून पाहा. मशीन भिंतीला टेकवताना तो मागे चेंबतो, हे फार घरांत आढळतं. पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ हवा. खाली झोळ आला तर त्यात पाणी साचून वाट बंद होते. पातळ प्लास्टिकचा पाइप असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा बसवा. बाहेरचं तोंडही पाहून घ्या. आठ महिने वापर नसलेल्या भोकात कबुतरं काड्या आणून ठेवतात, आणि डासांसाठी कुणी बारीक जाळी लावली असेल तर ती लिंटने लिंपलेली असते. कबुतरजाळीच्या मोठ्या भोकांतून हवा जाते, डासांच्या जाळीतून लिंट जात नाही.

कंडेन्सर प्रकारात खालच्या झाकणामागे कंडेन्सरचा ठोकळा सरकवून बाहेर निघतो. तो बाथरूममध्ये नेऊन दोन्ही दिशांनी पाण्याने धुवा, निथळू द्या, आणि परत बसवताना रबरी सील दुमडलं नाही ना ते बोटाने चाचपा. हीट पंप मशीनमध्ये हा भाग बहुधा बाहेर निघत नाही. त्याच्या पातळ पत्र्यांवरची धूळ मऊ ब्रशने वरून खाली झाडायची. पत्रे वाकले की हवा कायमची अडते, तेव्हा हात हलका ठेवा. पाण्याची टाकी भरल्याचा दिवा टाकी रिकामी करूनही विझत नसेल तर तळातल्या खोलगट भागात फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) लिंटच्या चिखलात अडकलेला असतो, किंवा पंपात केसांचा गुंता असतो.

कपडे ओले असतानाच मशीन ‘झालं’ म्हणून थांबत असेल तर ड्रमच्या तोंडाशी असलेल्या दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या पाहा. ओल्या कपड्याने त्या जोडल्या गेल्या की मशीनला ओल कळते. त्यांच्यावर सॉफ्टनरचा थर बसला, किंवा सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर क्षारांचा थर बसला, की ओल जाणवत नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा.

इथपर्यंत एकही स्क्रू काढलेला नाही. सगळं साफ करून वजनाची चाचणी पुन्हा करा.

उघडण्याआधी

वॉरंटी चालू असेल तर मागचं झाकण उघडू नका. नसेल तर प्लग उपसून डोळ्यांसमोर ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही: आपल्याकडचे स्विच एकच तार तोडतात, आणि जुन्या इमारतींच्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले आढळतात. मग बटण बंद असूनही आतल्या पार्टमध्ये करंट असतो. पायात कोरडी चप्पल, खाली कोरडी लादी, जवळ घरातलं दुसरं कुणीतरी. मोटरच्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरला दोन तारा जोडून त्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लावा, मग मल्टिमीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने टोकं शॉर्ट करू नका.

साधनं मोजकी: स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पान्ह्यांचा संच, पक्कड, टॉर्च, मल्टिमीटर. निऑनचा टेस्टर या कामाला अपुरा आहे. प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

इंटरनेटवर ड्रायर दुरुस्तीचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातले बहुतेक अमेरिकेतले. तिथे ड्रायरला २४० व्होल्टची जोडणी १२० व्होल्टच्या दोन फेजमधून येते. त्यामुळे एक फेज गेला की ड्रम फिरतो पण हीटर तापत नाही, आणि ते आधी पॅनेल बघायला सांगतात. आपल्याकडे २३० व्होल्टचा एकच फेज आहे. ड्रम फिरतोय म्हणजे वीज मशीनपर्यंत पोचली, बिघाड आत आहे. तिथले गॅसवरचे ड्रायरही आपल्याकडच्या घरांत नसतात, तो भाग सोडून द्या.

फिरतो, पण तापत नाही

मशीन न उघडता एक तपासणी होते. मुंबईत मीटर खाली मीटर रूममध्ये असतात, म्हणून दोघं लागतील. घरातलं बाकी सगळं, फ्रिजसुद्धा, बंद करा आणि ड्रायर गरम फेरीवर लावा. खालच्या माणसाने मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजून फोनवर सांगायचं. एका युनिटमागे किती लुकलुका, हे मीटरवर छापलेलं असतं. तो आकडा ३२०० असेल तर २००० वॅटचा हीटर चालू असताना मिनिटाला सुमारे १०७ लुकलुका होतात. नुसती मोटर चालत असेल तर दहा-पंधरा. हीट पंपच्या मशीनला हे लागू नाही, ती मुळातच कमी वीज ओढतात.

हीटर वीज घेत नाही हे ठरलं की प्लग उपसा. काही मॉडेलांत मागच्या बाजूला रिसेटचं छोटं बटण असतं, आधी ते दाबून पाहा. ‘टक्’ झालं आणि मशीन तापू लागलं तर आनंद माना, पण हवेची वाट पुन्हा तपासा, कारण ते बटण उगाच उडत नाही.

नाहीतर मागचं झाकण काढा. हीटरच्या पेटीवर किंवा हवेच्या नळीवर दोन वायरी असलेले बटणासारखे गोल भाग दिसतील, ते थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज. प्रत्येकाची निदान एक वायर सोडवून ओहममध्ये मोजा. थंड असताना शून्याच्या जवळ आकडा आला तर चांगला, मीटर काहीच दाखवत नसेल तर उडालेला. मग हीटर. २००० वॅटच्या एका कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो. १००० वॅटच्या दोन कॉइल असतील तर प्रत्येकीचा ५३ च्या आसपास. तुमच्या मशीनसाठी ५२९०० ला हीटरच्या वॅटने भागा. कॉइल तुटली असेल तर मीटर गप्प बसतो, आणि बहुधा तुटलेली जागा डोळ्यांनाही दिसते.

तिसरा संशयित आपल्या हवेमुळे मुंबईत फार भेटतो: वायरीच्या टोकाचे लग, म्हणजे खोचायच्या धातूच्या टोप्या. वरळी, दादर, वर्सोवा, जिथे समुद्र जवळ आहे तिथे खाऱ्या हवेने लग काळे-हिरवे पडतात, जोड सैल होतो आणि ९ अँपिअर वाहताना जळतो. प्लास्टिक तपकिरी झालेलं, वास आलेला, हे त्याचं चिन्ह. जळका भाग कापून उष्णता सोसणारा नवा लग क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून, बसवा. नुसता घासून परत खोचला तर महिन्याभरात तीच पाळी येते. प्लग आणि सॉकेटही याच नजरेने पाहा. ड्रायरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थर्मल फ्यूज उडालेला पाहून कारागीर म्हणेल, ‘डायरेक्ट करून देतो, पार्ट लागणार नाही.’ म्हणजे फ्यूज काढून दोन वायरी एकमेकींना जोडणं. याला कधीही हो म्हणू नका, तो फुकट करून देत असला तरी. हवा अडली आणि हीटर तापत राहिला तर त्याला तोडणारा तो शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या पलीकडे फक्त कोरडी लिंट असते, आणि ती कापसासारखी पेट घेते. आपल्या इमारतींत ड्रायर बहुधा स्वयंपाकघराला लागून, गॅसच्या नळीपासून चार पावलांवर असतो. फ्यूज त्याच तापमानाचा, त्याच अँपिअरचा नवा घाला, आणि तो का उडाला ते शोधल्याशिवाय मशीन सुरू करू नका. घातलेला नवा फ्यूज लगेच उडाला तर हवा अजून अडते आहे किंवा नेहमीचा थर्मोस्टॅट चिकटला आहे.

फिरतच नाही

पूर्ण मृत असेल तर आधी त्या सॉकेटवर इस्त्री लावून पाहा. मग चाइल्ड लॉक. मग दार: बंद होताना ‘टक्’ ऐकू येत नसेल तर दाराचा स्विच किंवा त्याला दाबणारी प्लास्टिकची जीभ तुटलेली असते. काही मॉडेलांत थर्मल फ्यूज मोटरच्याच वाटेवर असतो, तोही मोजा.

दिवे लागतात, मोटर घुमते, ड्रम स्थिर: दार उघडून ड्रम हाताने फिरवा. अगदी सैल, अडथळ्याविना फिरला तर बेल्ट तुटलाय. ड्रमला ओढ जाणवते पण मोटर नुसती घूं करते, तर कॅपॅसिटर. त्यावर छापलेले मायक्रोफॅरड मल्टिमीटरवर मोजा. दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. घूं करणारं मशीन परत परत चालू करून पाहू नका, मोटरची वाइंडिंग जळते.

बेल्ट बदलणं कष्टाचं असलं तरी जमण्यासारखं आहे. जुन्या बेल्टवर १९६५ एच ७ असा काहीतरी आकडा असतो: पहिला भाग मिलिमीटरमध्ये लांबी, शेवटचा रेघांची संख्या. दोन्ही जुळलंच पाहिजे. रेघांची बाजू ड्रमकडे, गुळगुळीत पाठ ताण देणाऱ्या पुलीकडे. बेल्ट ड्रमवर चढवा, मोटरच्या बारीक पुलीवरून घ्या, ताणाची पुली दाबून धरा आणि सोडा. ड्रम हाताने चार वेळा फिरवून बेल्ट मधोमध बसतोय ना ते बघा, मगच झाकण लावा. उघडलंच आहे तर आतली सगळी लिंट ओढून घ्या, रोलर (ड्रम ज्यांवर टेकून फिरतो ती चाकं) फिरवून पाहा, आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही.

आवाजाचं थोडक्यात: कित्येक महिन्यांनी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं धप्धप् आली आणि थांबली तर रोलर एका जागी दबलेले असतात, काळजी नको. सतत किंचाळणं रोलर किंवा पुलीचं. खरवडण्याचा आवाज नाण्याचा, सेफ्टी पिनेचा, ब्राच्या तारेचा. कपड्यांवर काळ्या रेघा पडत असतील तर ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी झिजली आहे. ती बदला, कपडे फटीत अडकून जळतात.

वीज ट्रिप होते तेव्हा

कोणता स्विच पडला ते आधी पाहा. एमसीबी पडला तर भार जास्त किंवा शॉर्ट. ड्रायर ९ अँपिअर घेतो, गीझर तेवढेच. दोन्ही एका १६ अँपिअरच्या एमसीबीवर असतील तर मशीनचा दोष नाही. आरसीसीबी, ज्याला बरेच जण ईएलसीबी म्हणतात, तो पडला तर करंट जमिनीकडे गळतो आहे.

पावसाळ्याच्या पहिल्याच वापरात आरसीसीबी पडणं हे फार आढळतं. धातूच्या नळीत बंद असलेल्या हीटरमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. सील कमजोर झालं की महिनोन्‌महिने बंद मशीनमध्ये ती दमट हवेतली ओल शोषते. नेमकी उष्णता सुरू होताना ट्रिप होत असेल आणि थंड हवेच्या फेरीवर मशीन बिनघोर चालत असेल, तर संशय हीटरवरच. साध्या मल्टिमीटरने ही गळती दिसेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) हीटर आणि बॉडी यांमधलं इन्सुलेशन मोजून घ्या. एक मेगाओहमच्या खाली असेल तर हीटर बदलायचा. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकायला सांगणाऱ्याला परत पाठवा. ओल्या हातांनी हाताळायच्या मशीनवर तो ३० मिलिअँपिअरचा स्विच जीव वाचवतो.

पार्ट आणि कारागीर

दाराच्या आतल्या कडेवर मॉडेल आणि सिरियल नंबरचं लेबल असतं, त्याचा फोटो काढा. बेल्ट, हीटर, सील कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच मागवावेत. कॅपॅसिटर, मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडला मिळतात. लग, उष्णता सोसणारी वायर, प्लग लोहार चाळीत. जुना पार्ट हातात घेऊनच जा, नुसत्या वर्णनावर चुकीची वस्तू गळ्यात पडते.

कंट्रोल बोर्ड, मोटरची वाइंडिंग आणि हीट पंपचा गॅस ही कामं घरी करू नका. काही हीट पंप ड्रायरमध्ये आर२९० वापरतात, तो प्रोपेन आहे, ठिणगीने पेटतो. कारागिराला बोलावताना ‘चालत नाही’ एवढंच न सांगता तुम्ही काय तपासलं, तासाला किती पाणी उडतंय, कोणता स्विच पडतो हे सांगा. काढलेला पार्ट परत मागून घ्या आणि जाण्याआधी थेट विचारा: काही डायरेक्ट केलंय का?

दुरुस्तीनंतर पहिली फेरी एका ओल्या टॉवेलवर, माणूस समोर असताना. पाइपच्या तोंडाशी हात धरा. जोरदार, उबदार, दमट झोत यायला हवा. दहा मिनिटांनी प्लग काढून त्याच्या पिना चाचपा, कोमट चालतील, चटका नको. थंड हवेची शेवटची फेरी पूर्ण होऊ द्या, मध्येच थांबवून गरम कपड्यांचा ढीग आत ठेवू नका. तेलाने माखलेले पंचे आणि स्वयंपाकघरातली फडकी धुतलेली असली तरी ड्रायरमध्ये घालू नका. तेल त्यात उरतं आणि आपोआप तापू शकतं. पावसाळा सरल्यावर मशीन बंद करताना टाकी रिकामी करा, पाइपचं बाहेरचं तोंड झाका, आणि महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं गरम फेरीवर चालवा, तोंडावरचं झाकण काढून.